शेजारची कडी कशी वाजवावी

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, तेच एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या शेजाऱ्यांशी बोलणं सुरू करायला कामाला येतं. पाणी सुटलं की वरच्या मजल्यावरच्या एकट्या आज्जींना हाक मारा, "आज्जी, घागर भरून देऊ का?" रिकाम्या हातानं "कशा आहात?" विचारलं तर "बरंय" म्हणून दार लागतं. वाटीभर शेंगाचटणी न्या, पण स्टीलच्या वाटीत. कागदात बांधून दिली तर परत यायला निमित्तच उरत नाही. वाटी मागू नका. ती बहुधा भरूनच येते, तेव्हा दहा मिनिटं बसवून घ्या. जिन्यात ९ वॅटचा एलईडी लावा. अंधारात म्हातारी माणसं उतरतच नाहीत. दुधाची पिशवी दुपारपर्यंत कडीलाच लटकलेली दिसली, तर मात्र लाज न धरता दार ठोठवा. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे.