रंगाला हात लावण्याआधी डमी बनवा

चित्रकथेचं पुस्तक हा कॉलेजचा प्रोजेक्ट असेल, तर पहिलं चित्र रंगवायची घाई करू नका. आधी ए४ चे ८ कागद मधोमध दुमडून एकात एक घाला आणि घडीवर स्टेपल मारा. झालं ३२ पानांचं कोरं पुस्तक, म्हणजेच डमी! मुलांची बरीच चित्रपुस्तकं एवढ्याच पानांची असतात. त्यातली पहिली तीन-चार पानं शीर्षक, श्रेय वगैरेंत जातात, त्यामुळे गोष्टीला साधारण चौदा जोडपानं (समोरासमोरची दोन पानं म्हणजे एक जोडपान) उरतात.

आता पेन्सिलीने भराभर कच्ची चित्रं काढा आणि मजकूरही हातानेच लिहा. मग पुस्तक एखाद्या मुलाला वाचून दाखवा. खरी गंमत पान उलटण्यात असते. 'पेटीत काय होतं?' हा प्रश्न उजव्या पानाच्या शेवटी आला, तर उत्तर पान उलटल्यावरच दिसतं. तोच प्रश्न डाव्या पानावर टाकलात, की समोरच्या चित्रातला उंदीर आधीच दिसतो आणि मजा जाते. मूल कुठे चुळबुळतं तेही बघा. तिथे बहुतेक चित्र आणि वाक्य एकच गोष्ट सांगत असतात, तेव्हा वाक्य कापा.

चेहरे घडीत येऊ देऊ नका. कडेपर्यंत जाणारं चित्र कटिंगसाठी चारही बाजूंनी ३ मिमी जास्त काढा. आणि मजकुराची जागा सढळ ठेवा: देवनागरीत वर वेलांट्या, खाली उकार, त्यामुळे ओळी दाटीवाटीने बसवल्या की नुकतंच वाचायला शिकलेलं मूल अडखळतं.