शनिवारचं पाकीट: शाळेतून सुट्टीचा खाऊ देताना या चुका टाळा

दिवाळीच्या सुमारास आमच्या बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. वर्गातली काही मुलं आईबापाबरोबर फडावर जातात, काही हंगामी वसतिगृहात राहतात आणि काही मागे आजी-आजोबांकडे. या मागे राहिलेल्या मुलांचा रविवार फार वाईट जातो. शनिवारी सकाळची शाळा असते. साडेअकराला खिचडी खाऊन मूल घरी गेलं की शाळेतलं पुढचं ताट सोमवारी दुपारी दीडला, म्हणजे मधे पन्नास तास जातात. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने आठवीपर्यंतच्या मुलांना शाळेत रोज मोफत जेवणाचा हक्क दिला, पण सुट्टीचे दिवस वगळून. ते दिवस भरून काढायला आम्ही शनिवारचं पाकीट सुरू केलं आणि पहिल्या दोन महिन्यांत बऱ्याच चुका केल्या. तुमच्या शाळेत असं काही करायचं मनात असेल, तर निदान या तरी टाळा.

सगळ्यात मोठी चूक पाकिटात काय द्यायचं यातच झाली. आम्ही प्रत्येकी दोन किलो तांदूळ, अर्धा किलो मूगडाळ आणि तेलाची पिशवी दिली. सोमवारी तिसरीतली एक मुलगी पुन्हा परिपाठात पोट धरून बसली. डाळ-तांदूळ संपले का, असं विचारलं तर म्हणाली, “हाय की घरात. आज्जीला डोळ्यानं दिसत न्हाई, बाई. चूल कुणी पेटवायची?”

माझे डोळे त्या दिवशी उघडले. माणशी पाच किलो रेशनचं धान्य बहुतेक घरांत थोडंफार असतंच, ते शिजवणारं कुणी नसतं. सरपण आणायला, पाणी भरायला, भाकरी थापायला आई घरी नाही. म्हणून नियम एकच ठेवा: आठ वर्षांच्या मुलाला विस्तवाजवळ न जाता, स्वतःच्या हातांनी खाता आलं पाहिजे. आता आम्ही फुटाणे, राजगिऱ्याचे लाडू, गूळ, भाजक्या पोह्यांचा चिवडा आणि केळी देतो. शंभर ग्रॅम फुटाण्यांत साधारण वीस ग्रॅम प्रथिनं मिळतात. शाळेच्या आहारात पहिली ते पाचवीच्या मुलासाठी एका वेळचं प्रमाण बारा ग्रॅमचं आहे, त्यावरून हिशोब लावता येतो. चिप्स-बिस्किटांचे पुडे दात्यांना स्वस्त आणि सोपे वाटतात, पण त्यांनी दुपार निघत नाही.

दुसरी चूक सांगताना मला अजून वाईट वाटतं. पहिल्या शनिवारी आम्ही परिपाठानंतर नावं पुकारली आणि अकरा मुलांना पुढे बोलावून टाळ्यांच्या गजरात पाकिटं दिली, फोटोही काढले. पुढच्या शनिवारी सहावीतला एक मुलगा आलाच नाही, त्याच्या पुढच्या शनिवारीही नाही. तो आजारी असेल असं मी धरून चालले होते. नंतर कळलं, पोरं त्याला ‘पाकीटवाला’ म्हणत होती. भूक परवडली, पण चारचौघांत नाव नको, असं त्या पोराने ठरवलं होतं.

यावर उपाय सापडला तो असा. बचत गटातल्या बायकांकडून जुन्या लुगड्यांच्या पिशव्या शिवून घेतल्या आणि शाळेतल्या प्रत्येक मुलाला एक दिली. शनिवारी त्यातून वाचनालयाचं पुस्तक घरी जातं. ज्यांना खाऊ द्यायचा त्यांच्या पिशवीत तो मुलं खिचडीला बसलेली असताना आधीच ठेवलेला असतो. दात्यांना फोटो हवेच असतील तर भरलेल्या पिशव्यांचे आणि साठा वहीचे पाठवा, मुलांच्या चेहऱ्यांचे कधीच नाही.

पाकीट शनिवारी संध्याकाळीच संपतंय? मुलाला रागावू नका. बहुतेक वेळा घरात शाळेत न येणारी धाकटी भावंडं असतात आणि मोठी ताई स्वतःचं त्यांना भरवते. पाकीट पटावरच्या एका मुलाचं न धरता त्या छपराखालच्या सगळ्या पोरांचं धरा. ही मोजणी अंगणवाडी ताईंकडून पाच मिनिटांत होते. मात्र घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर अख्खे शेंगदाणे किंवा फुटाणे देऊ नका, ते घशात अडकू शकतात. शेंगदाण्याचा कूट आणि गूळ घालून लाडू वळून द्या. शेंगदाणा कडवट किंवा बुरशीचा वास येणारा निघाला तर अख्खी गोणी परत करा, निवडून वापरू नका.

पोषण आहाराच्या तांदळाला हात लावायचा नाही, कितीही शिल्लक दिसला तरी. त्याचा हिशोब वेगळा असतो आणि गोंधळ झाला तर मुख्याध्यापक आणि स्वयंपाकी ताई अडचणीत येतात. खाऊसाठी वेगळं कपाट, वेगळी वही ठेवा आणि शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव आधी करून घ्या. समितीत तीन चतुर्थांश पालकच असतात. कोणत्या घरात काय चाललंय हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं.

पैशांच्या बाबतीत घाई करू नका. चाळीस मुलांना दीड महिना देऊन बंद करण्यापेक्षा बारा मुलांना टोळ्या परत येईपर्यंत द्या. शनिवारी पिशवी चाचपून बघणारं मूल एकदा रिकाम्या पिशवीने घरी गेलं, तर पुढच्या वेळी तुमच्यावर विश्वास ठेवणार नाही. आणि दिवाळीच्या सुट्टीचा खर्च आधीच बाजूला काढा, तो आम्ही पहिल्या वर्षी साफ विसरलो होतो.

एखादं मूल पाकीट मिळूनही सुकत चाललं असेल, तर खाऊ वाढवत बसू नका, त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जा. बाकी पाकीट पुरतंय की नाही हे मुलांना विचारून कळत नाही, सगळी ‘हो’च म्हणतात. सोमवारी स्वयंपाकी ताईंना विचारा, तिसऱ्यांदा ताट कुणी पुढे केलं. आमच्या ताई ती नावं सोमवारी दुपारी हळूच माझ्या कानात सांगतात आणि शनिवारी त्या पिशव्यांत दोन लाडू जास्त जातात.