हिशेबाच्या बदल्यात विमान शिकायचं असेल तर

सौदा ठरवण्याआधी इन्स्ट्रक्टरला एक प्रश्न विचारा : आजवर एकूण किती तास उडून झाले? मी विचारला नव्हता. इथे न्यू जर्सीत एका छोट्या विमानतळावर स्वतंत्रपणे शिकवणारा एक तरुण होता. त्याचे दोन वर्षांचे तुंबलेले हिशेब मी लिहून द्यायचे, टॅक्सचे कागद करायचे आणि त्याने मला शिकवायचं, तासाला तास. जानेवारी-फेब्रुवारीत वारा आणि खाली उतरलेले ढग यांमुळे उडणं जवळजवळ बंदच होतं. हवा सुधारेपर्यंत आपलं काम उरकून टाकू, असा विचार करून मी 40 तासांचं काम संपवलं. मेच्या अखेरीला माझे 11 तास झाले आणि त्याला एअरलाइनचं बोलावणं आलं. 29 तास माझ्या वहीत येणे राहिले ते राहिलेच. तो लबाड नव्हता. तो जाणारच होता, आणि ते मला पहिल्याच दिवशी कळू शकलं असतं.

कारण असं आहे. फेब्रुवारी 2009 मध्ये बफेलोजवळ कोल्गन एअरचं विमान पडून 50 माणसं गेली. पुढच्या वर्षी कायदा झाला आणि 2013 पासून इथे एअरलाइनच्या को-पायलटलाही साधारण 1500 तासांचा अनुभव लागतो. विमानविद्येची ठरावीक पदवी असेल तर 1000 वर भागतं. पैसे घेऊन उडण्याचं कमर्शियल लायसन्स मात्र 250 तासांच्या आसपास मिळतं. मधले तास भरायचे कसे? बहुतेक जण ते तुम्हाला-मला शिकवून भरतात. हवा चांगली असली की असा मुलगा महिन्याला 60-70 तास सहज उडतो. म्हणजे तो 1300 वर असेल तर तुमच्याकडे तीनेक महिने आहेत. पदवी आहे का, तेही विचारा. असेल तर 1300 वरचा माणूस आज उद्यातच निघालेला समजा.

गावाकडे सुतार वर्षभर औत-नांगर दुरुस्त करायचा आणि सुगीला धान्य न्यायचा. ते चालायचं, कारण पुढच्या सुगीलाही दोघं त्याच गावात असणार होते. इथे समोरचा माणूस गाव सोडण्यासाठीच तास मोजत असतो. म्हणून आधी तास विचारा, किंवा ज्याला कुठे जायचंच नाही असा इन्स्ट्रक्टर शोधा : एअरलाइनमधून निवृत्त झालेला, किंवा दुसरा व्यवसाय सांभाळून आवडीने शिकवणारा.

तुम्ही एच-वन या नोकरीच्या व्हिसावर असाल, किंवा कामाच्या परवान्याशिवाय एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावर, तर हा सौदा करूच नका. हातात डॉलर आले नाहीत म्हणून ते काम ठरत नाही, हा समज काढून टाका. मोबदला मोबदलाच असतो. नोकरी-व्हिसा पणाला लावण्याइतकं हे महत्त्वाचं नाही. पैसे भरून शिका. आणि नागरिक नसाल तर, ग्रीन कार्ड असलं तरी, शिकवणी सुरू होण्याआधी टीएसएची, म्हणजे इथल्या वाहतूक सुरक्षा खात्याची, मंजुरी लागते. तिचा अर्ज लवकर करा.

मेडिकल, म्हणजे उडायला लागणारं तब्येतीचं प्रमाणपत्र, सौद्याच्या आधी. ते अडकलं तर बाकी सगळं फुकट जाईल.

आता सौद्यात काय बसतं ते नीट समजून घ्या. बसतो तो फक्त इन्स्ट्रक्टरचा वेळ. विमानाचं भाडं, परीक्षकाची फी, लेखी परीक्षा, हेडसेट, विमा, सगळं रोख. भाडं इंजिनाबरोबर चालणाऱ्या हॉब्स मीटरवर, तासाच्या दहाव्या भागाने मोजतात. इन्स्ट्रक्टरचा वेळ मात्र उड्डाणाआधी फळ्यासमोर बसता तेव्हापासून सुरू होतो. तो वेळ धरायचा की नाही, हे आधी बोलून घ्या, नाहीतर प्रत्येक वेळी कुरबुर होते. खाजगी लायसन्सला नियमाने 40 तास पुरतात, त्यातले निदान 20 इन्स्ट्रक्टरबरोबर आणि 10 एकट्याने. प्रत्यक्षात बहुतेकांना 60-70 लागतात. पैशांचा अंदाज 60 धरूनच बांधा.

किंमत डॉलरमध्ये लिहा. त्याचा तास इतक्याचा, माझा इतक्याचा. अशा अदलाबदलीची बाजारभावाने होणारी किंमत दोघांनाही उत्पन्नात दाखवावी लागते. हे माझं रोजचंच काम, म्हणून इथे मी चुकले नाही. पण कित्येकांना वाटतं की पैसे फिरले नाहीत म्हणजे टॅक्स नाही. तसं नाही. इन्स्ट्रक्टर याला तयार नसेल तर तिथेच थांबा.

आणि काम एकदम उरकू नका. पाच तासांचं काम, मग पाच तास शिकवणी. वहीत बाकी पाच तासांच्या वर कधीही जाऊ देऊ नका, हवा कितीही खराब असो, तो कितीही विनवो. एप्रिलची 15 तारीख, म्हणजे टॅक्सची मुदत, जवळ आली की तो विनवणारच. अशा वेळी जास्तीच्या कामाचे रोख पैसे मागा. एका पानावर दोघांच्या सह्या घ्या : तो मध्येच निघाला तर उरलेल्या तासांचे पैसे 30 दिवसांत द्यायचे. दर महिन्याला पुन्हा तास विचारा. लाजू नका. त्याच्या लॉगबुकमध्ये आकडा तयारच असतो.

तुमच्या लॉगबुकवर प्रत्येक उड्डाणानंतर सही घ्या, पुढच्या वेळी नाही. सोलोची, म्हणजे एकट्याने उडण्याची, परवानगी 90 दिवसच चालते. इन्स्ट्रक्टर बदलला की नवा माणूस स्वतः तुमच्याबरोबर उडून पाहिल्याशिवाय सही देत नाही. माझे चार तास त्यातच गेले, विमानाच्या भाड्यासकट. पहिल्याचे तास आधी विचारले असते तर हे टळलं असतं.

लेखी परीक्षेचा निकाल 24 महिने चालतो. चेकराइडच्या, म्हणजे परीक्षकाबरोबरच्या उड्डाण-परीक्षेच्या, आधीच्या दोन महिन्यांत इन्स्ट्रक्टरबरोबर तीन तास तयारी लागते, ते तास वहीत राखून ठेवा. परीक्षकाची तारीख लवकर धरा.

आता माझी इन्स्ट्रक्टर साठीची बाई आहे. पहिल्याच भेटीत मी तास विचारले. म्हणाली, 6200, आणि एअरलाइनमध्ये जायचं वय केव्हाच गेलं. आजच्या तारखेला वहीत तिचं माझ्याकडे दोन तासांचं येणं आहे. या आठवड्यात तिची मार्चची बिलं लावून देते.