हाशिमोटो थायरॉइड आणि ग्लुटेन-फ्री जेवण : या चुका टाळा

थायरॉइडच्या रिपोर्टात 'अँटी-टीपीओ'पुढे (थायरॉइडवर उलटलेल्या अँटीबॉडीच्या आकड्यापुढे) तीन-चार आकडी संख्या दिसली की घरात पहिली कुऱ्हाड पडते ती गव्हावर. डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी निमूटपणे सुरू होते, पण खरा उत्साह पोळी बंद करण्यात असतो. कुणाच्या जावेला फरक पडलेला असतो, कुणाच्या ऑफिसातल्या मैत्रिणीचं वजन उतरलेलं असतं. पोळी सोडण्यात वाईट काहीच नाही. ज्वारी, तांदूळ, नाचणी आपल्याकडे मुळातच घरातली. गडबड होते ती कशाच्या आधी काय करायचं यात, आणि का करतोय हेच ठाऊक नसण्यात.

हाशिमोटो हा स्वयंप्रतिकार आजार. हाकारू हाशिमोटो या जपानी सर्जननं १९१२ साली त्याचं पहिलं वर्णन केलं. शरीराची संरक्षणयंत्रणा आपल्याच थायरॉइड ग्रंथीवर उलटते आणि ग्रंथी हळूहळू निकामी होत जाते. सीलिॲक हा दुसरा स्वयंप्रतिकार आजार. त्यात गहू, जव आणि राय या धान्यांतल्या ग्लुटेन या चिकट प्रथिनामुळे लहान आतड्याच्या अस्तराची नासधूस होते. हे दोन आजार एकाच माणसात सापडण्याचं प्रमाण योगायोगापेक्षा जास्त आहे, आणि थायरॉइडचा नि ग्लुटेनचा खरा संबंध मुख्यतः इथून येतो. सीलिॲकवर ग्लुटेन सोडणं हाच उपचार आहे, आणि तो जन्मभराचा. नुसता हाशिमोटो असेल तर मात्र तो एक प्रयोग आहे. पोलंडमध्ये २०१९ साली एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात हाशिमोटोच्या ३४ स्त्रिया होत्या. १६ जणींनी सहा महिने ग्लुटेन सोडलं. त्यांच्या अँटीबॉडी कमी झाल्या, पण टीएसएच (थायरॉइड मंदावली की रक्तात वाढणारं संप्रेरक) आणि थायरॉइडची स्वतःची संप्रेरकं होती तिथंच राहिली. एवढ्यावरून सगळ्यांच्या ताटातली पोळी उचलावी असं मला वाटत नाही. प्रयोग करून पाहू नये असंही वाटत नाही.

तपासणीच्या आधीच पोळी बंद

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. सीलिॲक आहे का हे पाहायला रक्ताची टीटीजी-आयजीए ही अँटीबॉडीची तपासणी करतात, सोबत आयजीए या प्रकारच्या अँटीबॉडी एकूण किती आहेत ते बघतात, आणि गरज पडली तर एंडोस्कोपी करून आतड्याचा बारीक तुकडा तपासतात. या तपासण्या ग्लुटेनला शरीर काय प्रतिसाद देतं हे शोधतात. महिनोन्‌महिने गहू पोटात गेलाच नसेल तर अँटीबॉडी उतरतात, अस्तर भरून येऊ लागतं आणि रिपोर्ट 'निगेटिव्ह' येतो. मग आजार नव्हताच की पथ्यामुळे दडला, हे कुणालाच सांगता येत नाही. खात्री करायची तर पुन्हा काही आठवडे रोज गहू खावा लागतो, आणि पथ्यानं बरं वाटू लागलेलं माणूस त्याला सहसा तयार होत नाही.

म्हणून आधी रक्त द्या, मग पोळी सोडा. काही खुणा असतील तर ही तपासणी आग्रहानं मागावी : लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन न चढणं, वारंवार जुलाब किंवा पोट फुगणं, कारण नसताना वजन उतरणं, आणि थायरॉइडच्या गोळीचा डोस वाढवत नेला तरी टीएसएच खाली न येणं. ग्रंथी पूर्ण बंद पडली असली तरी मोठ्या माणसाला दर किलो वजनामागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम थायरॉक्सिन (गोळीतलं थायरॉइडचं संप्रेरक) पुरतं, म्हणजे साठ किलोच्या बाईला शंभराच्या आसपास. त्याच बाईला दीडशे-पावणेदोनशे लागत असतील तर गोळी अंगी लागत नाहीये, आणि का, ते शोधायला हवं.

'सीलिॲक पंजाबात, आपल्याकडे कुठे?' असं म्हणणारेही भेटतात. त्यात थोडं तथ्य आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या भारतातल्या एका पाहणीत सीलिॲकच्या अँटीबॉडी रक्तात सापडण्याचं प्रमाण उत्तरेत शंभरात एकाहून थोडं जास्त, तर दक्षिणेत हजारात एक असं आढळलं. महाराष्ट्र मात्र जेवणाच्या बाबतीत या दोघांच्या अधेमधे आहे, आणि शहरात तर दोन्ही वेळा पोळीच असते.

गोळीकडे दुर्लक्ष

ताटातलं सगळं बदललं आणि गोळी मात्र चहाच्या घोटाबरोबर, ही दुसरी चूक. माझ्या मते ग्लुटेनपेक्षा हिच्यामुळे जास्त नुकसान होतं. थायरॉक्सिन रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायचं आणि पुढे अर्धा तास, शक्यतो तासभर, काही खायचं-प्यायचं नाही. कॉफी आणि चहाही त्यानंतरच. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांत चार तासांचं अंतर हवं.

ग्लुटेन सोडणाऱ्यांची इथं एक खास फसगत होते. पोळी गेली की सकाळच्या नाश्त्याला नाचणीचं सत्त्व येतं, तेही दुधातलं. नाचणीत शंभर ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, त्यात दुधाचं वेगळं. गोळीनंतर दहा मिनिटांत ही वाटी पोटात गेली तर गोळीचा काही भाग वायाच जाणार. सोयाचं दूध आणि सोयाच्या पिठाचंही तेच. नाचणी सोडायची नाही, तिची वेळ दुपारकडे किंवा संध्याकाळकडे सरकवायची.

याच्या उलटही घडतं. सीलिॲक असलेल्याचं आतडं पथ्यानं सुधारलं की तीच गोळी जास्त शोषली जाते. छातीत धडधड, हात थरथरणं, झोप उडणं, भराभर वजन उतरणं असं सुरू झालं तर त्याला 'डिटॉक्स' म्हणून कौतुक करू नका; डोस जास्त होत असेल. आहार बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच तपासून घ्या. डोस डॉक्टरच कमी करतील, आपण परस्पर गोळी अर्धी करायची नाही. बंद तर मुळीच करायची नाही, कारण निकामी झालेली ग्रंथी पथ्यानं पुन्हा उभी राहत नाही.

केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर रक्त देण्याआधी किमान दोन दिवस थांबवा. बायोटिनमुळे थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात.

पोळी गेली, गहू राहिला

आपल्या स्वयंपाकघरात गहू कुठेकुठे लपलेला असतो याची यादी केली तर भले भले चक्रावतात. हिंगापासूनच सुरुवात करू. डबीतला हिंग शुद्ध नसतो. हिंगाच्या चिकात डिंक आणि गव्हाचं पीठ किंवा मैदा मिसळून तो बनवतात. डबी उलटी करून बारीक अक्षरं वाचली की दिसतं. म्हणजे वरणात, आमटीत, कोशिंबिरीच्या फोडणीत, सगळीकडे चिमूटभर गहू. तांदळाच्या पिठात केलेला हिंगही मिळतो, तो मागून घ्यावा लागतो.

मग मेतकूट. आजाऱ्याला हमखास देतात तो मऊ भात, वर तूप-मेतकूट. आणि मेतकुटात डाळींबरोबर मूठभर गहू भाजून घातलेले असतात. थालिपिठाच्या भाजणीत बहुतेक घरांत गहू असतोच. कुरडया तर गव्हाच्या चिकाच्याच. आपल्याकडे सातूच्या पिठात डाळव्याबरोबर गहू असतो, आणि 'सातू' म्हणून जव दिला तर त्यातही ग्लुटेन आहेच. रवा, शेवया, दलिया हे गव्हाचेच, पण 'मी पोळी खात नाही, उपमा खाते' असं सांगणारी माणसं खरोखर भेटतात. माल्टची पावडर जवाची. चायनीजच्या गाडीवरच्या सोया सॉसमध्ये गहू.

खपली गव्हाबद्दल स्पष्टच सांगतो. खपली हा गहूच आहे. पचायला हलका वाटत असेल, चव छान असेल, खीर उत्तम होत असेल, पण ग्लुटेन त्यात आहे. सीलिॲकच्या माणसानं त्याच्या वाटेला जाऊ नये. 'मल्टिग्रेन' आट्यातही पहिलं धान्य बहुधा गहूच असतं.

आणि गिरणी. 'गव्हावर दळा' हे आपलं नेहमीचं सांगणं. तुमची ज्वारी गव्हावर दळली गेली तर जात्यात अडकलेलं पीठ तुमच्या डब्यात उतरतं. गिरणीवाल्याला तांदळावर किंवा ज्वारीवर दळून द्यायला सांगावं, जमलं तर सकाळी पहिला घाणा आपला लावावा. गव्हाची आणि ज्वारीची चक्की वेगळी असलेली गिरणी मिळाली तर उत्तम. सीलिॲक निश्चित झालेल्या घरात मात्र घरघंटीच घ्यावी आणि तिच्यात गहू कधी टाकूच नये. पोळपाट-लाटणं, तवा, पिठाची चाळणी आणि तळणीचं तेलही त्यांना वेगळं हवं.

हे सगळं कुणाला लागू? सीलिॲक असलेल्यांना, अगदी काटेकोर. भारतात एखाद्या पदार्थाला 'ग्लुटेन-फ्री' म्हणायचं तर त्यात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लुटेन असावं लागतं. युरोप-अमेरिकेतही मर्यादा हीच, त्यामुळे तिकडे राहणाऱ्यांनाही लेबल वाचायचा नियम एकच. पण सीलिॲकची तपासणी निगेटिव्ह आलेली आहे आणि नुसत्या हाशिमोटोसाठी प्रयोग करताय, तर हिंगाच्या चिमटीवरून लग्नाच्या पंगतीतून उपाशी उठायची गरज नाही. ज्यांना काटेकोर राहायला हवं ते सैल असतात आणि ज्यांना नको ते घरच्यांना छळतात, असं चित्र बरेचदा दिसतं.

पोळीच्या जागी काय आलं?

गहू गेल्यावर ती जागा कशानं भरली यावर बरंच ठरतं. दुकानातली ग्लुटेन-फ्री बिस्किटं, ब्रेड, पास्ता म्हणजे बहुधा तांदळाचं पीठ, मक्याचा स्टार्च, साखर आणि तेल. चोथा नावाला. हायपोथायरॉइडमध्ये, म्हणजे थायरॉइड मंदावल्यावर, बद्धकोष्ठ आधीच असतं, त्यात ही भर. तीनदा भात, साबुदाण्याची खिचडी आणि बटाटा यांवर दिवस काढणाऱ्यांचं वजन वाढलं तर दोष थायरॉइडचा नाही.

बाजरीबद्दल थोडं जपून. बाजरीतल्या काही फ्लेव्होन द्रव्यांमुळे थायरॉइडचं काम मंदावतं, हे १९८०च्या दशकातल्या संशोधनात दिसलं. सुदानच्या दारफुर भागात बाजरी हेच मुख्य अन्न आहे, तिथल्या गलगंडाच्या संदर्भात हा शोध पुढे आला. त्यामुळे संक्रांतीची तीळ लावलेली भाकरी सोडा असं कुणी म्हणत नाही. पण वर्षभर दोन्ही वेळा बाजरीच, असं करू नये. ज्वारी मुख्य ठेवा, मध्ये तांदूळ, नाचणी, राजगिरा, वरई फिरवत राहा. सोबत डाळी, उसळी आणि पालेभाजी असेल तर चोथ्याची आणि लोहाची चिंता बरीच मिटते.

मिठाचंही तसंच. 'हेल्दी' म्हणून घरात नुसतं सैंधव आणलं जातं आणि आयोडीन कमी पडतं. गरोदर बाईच्या बाबतीत हे जास्त गंभीर. दुसऱ्या टोकाला समुद्री शेवाळाच्या आयोडीनच्या गोळ्या असतात, त्या हाशिमोटोत त्रास वाढवू शकतात. साधं आयोडीनयुक्त मीठ, नेहमीच्या प्रमाणात, पुरे.

भाकरी तुटते, म्हणून सगळंच सुटतं

बरेच प्रयोग डॉक्टरांकडे नाही, परातीत फसतात. ग्लुटेन हाच कणकेचा चिकटपणा; तो नसला की पीठ हाताशी येत नाही. भाकरी थापताना कडा फाटत असतील तर आधी पिठाचं वय बघा. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, मग कितीही मळा, ती तुटणारच. आठवड्यापुरतंच दळून आणा. पाणी चांगलं कडकडीत घ्या, पिठात ओतून थोडा वेळ झाकून ठेवा आणि मग तळहाताच्या टाचेनं जोर लावून मळा. एका भाकरीचाच गोळा एका वेळी मळायचा. आधी मळून ठेवलेलं पीठ पुन्हा सैल पडतं. तांदळाच्या भाकरीला सरळ उकड काढावी. थापणं जमतच नसेल तर हट्ट नको. घावन, धिरडी, आंबोळ्या आहेतच, फक्त धिरड्यात सवयीनं कणीक घालू नका. ऑफिसच्या डब्यात ज्वारीची भाकरी कडक होते अशी तक्रार असते. गरम असतानाच कापडात गुंडाळली तर दुपारपर्यंत खाण्यासारखी राहते.

सगळे बदल एकदम

सोमवारपासून गहू बंद, दूध बंद, साखर बंद, चालणं सुरू, 'ड' जीवनसत्त्वाची पुडी सुरू, आणि त्याच आठवड्यात गोळीचा डोसही वाढलेला. महिन्यानं बरं वाटलं, आणि श्रेय मिळालं ग्लुटेन सोडण्याला. प्रयोग करायचा तर डोस स्थिर असताना, एका वेळी एकच बदल, तीन महिने. सुरुवातीला टीएसएच, हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), बी-१२ आणि 'ड' बघून ठेवा. आपल्याकडे बायकांचा थकवा पुष्कळदा लोहाच्या कमतरतेचा असतो, आणि तो पोळी सोडून जाणार नाही. अँटी-टीपीओ दर महिन्याला तपासून काही हाती लागत नाही. हा आकडा एरवीही वरखाली होतो आणि त्यावरून उपचार बदलत नाहीत.

तीन महिन्यांनी वहीत पोट, झोप, थकवा, वजन यांपैकी कशातच फरक दिसत नसेल तर पोळी परत सुरू करा. सीलिॲकची तपासणी आधी करायची राहून गेली असेल तर ती आता करता येईल. रोज दोन-तीन पोळ्या सहा ते आठ आठवडे खा आणि मग टीटीजी-आयजीएसाठी रक्त द्या. मध्येच जुलाब, उलट्या किंवा पोटदुखी फार वाढली तर ताणू नका, डॉक्टरांना सांगा. एचएलए-डीक्यू२ आणि डीक्यू८ ही जनुकांची तपासणी गहू न खाताही होते, आणि ती निगेटिव्ह आली तर सीलिॲक जवळजवळ निकालात निघतो.