कॉलन्या बघायला निघालात? निदान या चुका तरी टाळा

इंदूरातली घरं बघत फिरणं हा माझा रविवारचा नेम आहे, सकाळी पोहे खाऊन निघायचं आणि ऊन चढायच्या आत घरी. हल्ली बरोबर नवी मुलं-मुली येतात, मला आवडतं ते, पण दर वेळी त्याच त्या चुका बघून जीव वैतागतो म्हणून एकदाच लिहून टाकते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे घराचं तोंड बघितलं न बघितलं की शैलीचं नाव ठोकून मोकळं होणं. गोल गॅलरी दिसली, झालं आर्ट डेको (१९२०-३० च्या दशकांतली शैली)! वर कुणीतरी म्हणणार की हे माणिकबागेवरून घेतलंय. अरे, माणिकबाग हा इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्यासाठी एकार्ट मुथेसियस या जर्मन आर्किटेक्टने १९३० च्या दशकात केलेला महाल, त्याचं जगभर नाव झालं ते आतल्या फर्निचरमुळे आणि दिव्यांमुळे, बाहेरून तो तसा साधाच आहे. मग गल्लीतल्या गवंड्याने त्यातलं नेमकं काय उचललं हे दाखवता येत असेल तरच बोला ना.

हे मी इतकं चिडून सांगतेय कारण मी स्वतः यात सापडलेय. रामबागेत एका घरावर संगमरवरी पाटी होती, घराचं नाव आणि खाली १९३८. बरोबर दहा-बाराजण होते, मी पाटीकडे बोट दाखवून चांगली पंधरा मिनिटं बोलले, त्या काळचा मराठी मध्यमवर्ग, गोल गॅलरी, सगळं. आजोबा ओट्यावर बसून शांतपणे ऐकत होते. माझं झाल्यावर म्हणाले, "ताई, पाटी आमच्या वडिलांच्या घरची आहे हो, ते घर पाडलं तेव्हा मी काढून आणली. हे घर मी बांधलंय, ७२ साली." खिडक्यांना वेल्डिंग केलेल्या डिझाइनच्या जाळ्या होत्या, जुने उभे गज नव्हते, ते डोळ्यांसमोर असून मी बघितलंच नव्हतं, पाटी वाचली आणि डोळे मिटले. फार वाईट वाटलं त्या दिवशी, कारण त्या दहाजणांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता.

तेव्हापासून माझी सवय अशी की पाटी सगळ्यात शेवटी वाचायची. आधी गॅलरीच्या खाली उभं राहून वर बघायचं, लाकडी तुळया आहेत, गर्डर-फर्शी (लोखंडी गर्डरवर दगडी फर्शी) आहे का सिमेंटचा स्लॅब, हे रस्त्यावरून फुकट दिसतं आणि कुणी बघतच नाही. मग खिडक्या, मग जिना. लाकूड कुठे सुरू होतं तेही बघा, होळकरांच्या राजवाड्याच्या सात मजल्यांत खालचे तीन दगडी आणि वरचे लाकडी, आणि जुन्या वाड्यांतही दगड खाली, लाकूड वर हीच रीत बऱ्याच ठिकाणी सापडते. वर्षाचा अंदाज यानंतर, आणि तोही "साधारण" म्हणूनच.

भिंतीला भेगा म्हणजे घर जुनं, हेही डोक्यातून काढा. माळव्याची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, पाया नीट नसेल तर पाच वर्षांचं डुप्लेक्ससुद्धा तिरकं तडकतं.

गाडीतून बघू नका. बस, एवढंच.

आता अरण्य, म्हणजे आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींनी इंदूरात मुख्यतः गरिबांसाठी आखलेली वसाहत. दोशींना २०१८ ला प्रित्झकर हा आर्किटेक्चरमधला मोठा पुरस्कार मिळाल्यापासून बाहेरगावचे विद्यार्थी तिथे जातात, हातात जुने फोटो, दोशींनी नमुना म्हणून बांधलेली ८० घरं शोधतात आणि तोंड पाडून परत येतात, "लोकांनी वाट लावली हो." हे ऐकलं की मला राहवत नाही. साडेसहा हजारांच्या आसपास प्लॉट होते, सगळ्यात लहान ३५ चौरस मीटरचे, आणि गरिबांना मिळालं काय तर जोतं, संडास-न्हाणी, पाणी, फार तर एक खोली. पुढचं घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे वाढवायचं हाच तर सगळा बेत होता, आर्किटेक्चरचा १९९५ चा आगा खान पुरस्कार त्यालाच मिळाला. वर चढलेला मजला, पुढे आलेलं दुकान, हिरव्या-गुलाबी टाइल्स, हे बिघडलेलं नाही, हे त्या घराचं वाढणं आहे, आणि तेच बघायला जायचं असतं. दहा-दहा घरांचे गट आहेत, एकच गट धरा. प्रत्येक घरापुढे वहीत लिहा की ओटा उरलाय का, जिना बाहेरून आहे का आतून, वर भाडेकरू आहे का. सकाळभरात एवढं झालं तरी खूप, पण नव्या मुलांना एका दिवसात अरण्य, लालबाग महाल आणि वर सराफ्याची खाऊगल्लीही हवी असते.

नगररचनाकार पॅट्रिक गेडिस इंदूरला आले तेव्हा गल्ल्या पायी तुडवून मग लिहायला बसले, त्यांचा रिपोर्ट १९१८ चा, दोन खंडांचा. आधी निदान, मग इलाज, असं त्यांचं म्हणणं. आपण एक रील काढून निघतो.

विजयनगरसारख्या आखून पाडलेल्या प्लॉटांच्या स्कीममधली घरं "सगळी सारखीच" म्हणून सोडून देऊ नका. ती सारखी दिसतात कारण प्लॉटचं माप एक आणि पुढे-मागे सोडायची मोकळी जागा, म्हणजे एमओएस, एक, मग पोर्च तिथेच येणार आणि जिनाही तिथेच. आधी पावलांनी प्लॉट मोजा, मग कुणी एमओएसवर पत्रा टाकलाय, कुणी तुळस लावलीय, कुणी गाडीसाठी कंपाउंड तोडलंय हे आपोआप दिसायला लागतं, माझ्यासाठी तर खरी गंमत तिथेच आहे.

फोटो विचारून काढा. लोकांचं राहतं घर आहे, दोरीवर कपडे असतात, ओट्यावर कुणी केस विंचरत बसलेलं असतं. "काकू, घर फार छान आहे, फक्त गॅलरीचा फोटो काढू का?" एवढं म्हटलं की नव्वद टक्के काकू हो म्हणतात, नाही म्हणाल्या तर नमस्कार करून पुढे निघायचं, पलीकडच्या गल्लीतून चोरून काढायचा नाही. आणि कुणी पाणी प्यायला आत बोलावलं तर घाईत नको म्हणू नका, फर्शी आणि छत आतूनच नीट दिसतं, आणि घर कधी वाढवलं, का वाढवलं, कुणाच्या लग्नासाठी वाढवलं, हे तिथे बसल्यावरच कळतं.