प्रेशर स्विचला हात लावण्याआधी: मेंटेनन्सला नवीन लागलेल्या पोरांसाठी

आयटीआय फिटर झाल्यावर मी जळगाव एमआयडीसीत एका छोट्या युनिटला ट्रेनी म्हणून लागलो. पहिल्याच पावसाळ्यात ड्रिलिंग मशीन सारखी ट्रिप व्हायला लागली. आमच्याकडे जॉब हवेच्या सिलेंडरने पकडायचे आणि लाईनला एक प्रेशर स्विच होता, हवा कमी झाली की तो स्पिंडल, म्हणजे ड्रिल फिरवणारा दांडा, बंद करायचा. प्रॉडक्शनवाले डोक्यावर बसलेले, मग मी काय केलं तर स्विचच्या दोन वायरी काढून एका वायरच्या तुकड्याने थेट एकमेकींना जोडल्या, म्हणजे शॉर्ट मारला. मशीन मस्त चालली. अर्धा तास. मग जॉब क्लॅम्पमधून सुटला, ड्रिलसोबत फिरला आणि माझ्या कानाजवळून जाऊन पत्र्यावर आदळला. पत्र्याला पडलेला पोचा मी तिथे होतो तोवर तसाच होता.

आमचे मिस्तरी धरणगावकडचे, पूर्ण अहिराणी. आले, वायर बघितली, म्हणे "काय करी ऱ्हायना रे भो?" शिव्या नंतर दिल्या, आधी एफआरएलचा (लाईनीतलं हवेचा फिल्टर, रेग्युलेटर आणि लुब्रिकेटर एकत्र असलेलं युनिट) बाउल दाखवला, पाण्याने गच्च भरलेला. पोळ्याच्या आसपास हवेत दमटपणा एवढा असतो की कॉम्प्रेसरची टाकी रोज ड्रेन केली नाही तर ते पाणी लाईनीत जाणारच. फिल्टर चोक, पुढे हवा कमी. म्हणजे स्विच खरं बोलत होता आणि मीच त्याचं तोंड बांधलं होतं.

त्यांनी तिथेच खडूने हिशोब मांडला. 63 एमएम बोअरचा (आतला व्यास) सिलेंडर, क्षेत्रफळ साधारण 31 चौरस सेंटीमीटर, 6 बारला जोर जवळपास 190 किलो. तोच 4 बारला सव्वाशेच्या आसपास. पकड पाऊण पण राहत नाही आणि ड्रिल तर तेवढ्याच ताकदीने फिरतंय.

आता सेटिंगचं. स्विचच्या आत डायफ्राम, म्हणजे लवचिक पडदा असतो, एका बाजूने हवा ढकलते, दुसऱ्या बाजूने स्प्रिंग. बहुतेक साध्या स्विचमध्ये मोठा नट आवळला की स्प्रिंग दाबली जाते आणि सेटिंग वर जातं, लहान स्क्रू असेल तर तो फरकाचा, म्हणजे कितीला तुटणार आणि कितीला परत जोडणार यातलं अंतर. कोणता स्क्रू कुठे फिरवायचा ते कव्हरच्या आतल्या बाणावर बघा, अंदाजाने नको. फरक फारच कमी ठेवला तर दुसरं मशीन हवा ओढतं तेवढ्यात पण स्विच टकटक करत बसतो आणि कॉन्टॅक्ट जळतात.

मेन स्विच बंद, कुलूप लावून चावी आपल्या खिशात, मगच कव्हर उघडायचं. स्विचच्या दोन्ही वायरी टर्मिनलमधून सोडवा आणि मल्टीमीटर कंटिन्यूइटीवर (कॉन्टॅक्ट जोडलेला आहे की तुटलेला ते दाखवणारं सेटिंग) ठेवून स्विचच्या टर्मिनलला लावा. स्विचच्या अलीकडचा व्हॉल्व्ह बंद करून पुढची हवा ड्रेनमधून अगदी हळू सोडा, नजर गेजवर. क्लिक कुठे होतो तो आकडा लिहा. मग परत भरा, वर जाताना कुठे जोडतो तेही लिहा. आमचं तुटायचं 4.5 ला आणि जोडायचं 5 ला होतं. एका वेळी अर्धा फेरा, मग परत टेस्ट, निदान तीनदा आकडा सारखा यायला पाहिजे. मिस्तरी म्हणायचे "पयले काटा देख, मंग पाना फिरव." आणि गेजच खोटा असेल तर सगळंच खोटं, म्हणून दुसरा चांगला गेज लावून एकदा ताळा करून घ्या.

वायरिंग पण बघा. हवा पूर्ण असताना कॉन्टॅक्ट जोडलेला पाहिजे आणि हवा कमी झाली की तुटला पाहिजे, म्हणजे उंदराने वायर कुरतडली तरी मशीन थांबेल. उलटं जोडलेलं असलं तर वायर तुटलेली कळणारच नाही. आणि हवा परत आली म्हणून स्पिंडल आपोआप फिरायला नको, माणसाने येऊन रिसेट दाबलाच पाहिजे.

कॉम्प्रेसरच्या टाकीवरचा सेफ्टी व्हॉल्व्ह हा वेगळा विषय, त्याच्या सीलला ट्रेनीने हात लावायचा नाही, मी पण अजून लावत नाही.

त्या दिवशीचा तो वायरचा तुकडा मिस्तरींनी माझ्या टूलबॉक्सच्या झाकणाला आतून टेप लावून चिकटवला होता. टेप दोनदा बदलली, तुकडा तोच आहे.