भाताच्या मुळांचा आनुवंशिक गुण पाहून वाण निवडा : पावसाळी हंगामापूर्वीचा सल्ला

पेरणीपूर्वीचे हे दिवस वाण ठरवण्याचे आहेत. वाण ठरवताना पिकाचा कालावधी, दाण्याचा प्रकार, उत्पादन आणि रोगप्रतिकारशक्ती यांची चौकशी बहुतेक शेतकरी करतात. परंतु त्या वाणाची मुळे जमिनीत किती खोल जातात आणि कोणत्या दिशेने वाढतात, हे क्वचितच विचारले जाते. पावसाने ओढ दिली की एकाच बांधातील एका वाणाची पाने दुपारपर्यंत गुंडाळतात, तर दुसरा वाण आणखी काही दिवस तग धरतो. जमीन, खत आणि लावणीची तारीख सारखीच असेल, तर अशा फरकाचे कारण बरेचदा मुळांच्या रचनेत सापडते, आणि ही रचना मोठ्या प्रमाणात आनुवंशिक असते.

बी रुजताना प्रथम एक बीजमूळ निघते, पण पीक त्याच्यावर फार काळ पोसले जात नाही. थोड्याच दिवसांत खोडाच्या तळाशी असलेल्या पेरांतून मुकुटमुळे फुटू लागतात, त्यांना बारीक उपमुळे येतात आणि त्यांवर मूळकेस येतात. भाताचे अन्नपाणी मुख्यतः याच जाळ्यातून येते. मुकुटमुळे फुटणे हेही जनुकांच्या हाती असते. सीआरएल-१ या जनुकात बिघाड झालेल्या रोपांत ती नीट तयारच होत नाहीत. मुळांची संख्या, लांबी, जाडी आणि जमिनीत शिरण्याचा कोन हे गुण वेगवेगळे असून प्रत्येकावर अनेक जनुकांचा प्रभाव पडतो. म्हणूनच ‘मुळे चांगली आहेत’ एवढ्या मोघम शिफारशीवर विसंबून बियाणे घेऊ नये. मुळांचा कोणता गुण चांगला आहे, हे विचारावे.

या गुणांपैकी कोनाविषयी आता बरीच स्पष्टता आली आहे. आयआर-६४ हा जगभर लागवडीत गेलेला वाण उथळ मुळांचा आहे, तर फिलिपाईन्समधील किनान्दांग पातोंग हा कोरडवाहू वरकस जमिनीतील पारंपरिक वाण खोल मुळांचा आहे. या दोघांच्या संकरातून जपानी संशोधकांनी नवव्या गुणसूत्रावरील डीआरओ-१ हे जनुक शोधले आणि २०१३ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. मुळाच्या टोकाजवळ हे जनुक कार्यरत असते आणि गुरुत्वाकर्षणाच्या दिशेने मूळ खाली वळण्यास मदत करते. आयआर-६४ मध्ये या जनुकातील डीएनएचे केवळ एक अक्षर गळालेले असल्यामुळे त्यापासून तयार होणारे प्रथिन अपुरे राहते आणि मुळे आडवी पसरतात. पुनःपुन्हा संकर करून किनान्दांग पातोंगचे जनुक आयआर-६४ मध्ये आणल्यावर मुळे खोल गेली आणि पाण्याच्या ताणात मूळ वाणापेक्षा उत्पादन बरेच टिकले. हे काम नेहमीच्या संकराने झाले, ही बाब मला फार महत्त्वाची वाटते, कारण असा गुण लोकप्रिय वाणांत आणण्याचा मार्ग पैदासकारांना खुला आहे. भारतात झारखंडसाठी प्रसारित झालेला बिरसा विकास धान १११ हा वाण याच विचाराने तयार झाला; कलिंग-३ या वाणात आझुसेना या वाणाचे मुळांसंबंधीचे आनुवंशिक भाग जनुकीय चिन्हकांच्या (हवा तो आनुवंशिक भाग रोपात आला की नाही हे ओळखण्याच्या डीएनएतील खुणांच्या) साहाय्याने आणण्यात आले होते.

मात्र खोल मूळ सर्वच जमिनींत श्रेष्ठ असते, असा निष्कर्ष यावरून काढू नये. स्फुरद जमिनीच्या वरच्या थरात अधिक असते आणि ते मातीत फारसे हलत नाही. त्यामुळे स्फुरदाची कमतरता असलेल्या जमिनीत लवकर फुटणारी, वरच्या थरात दाट पसरणारी मुळे अधिक उपयोगी पडतात. कासलथ या पारंपरिक वाणात सापडलेले पीस्टॉल-१ हे जनुक कोवळ्या वयातच मुळांची वाढ जोमदार करते आणि त्यामुळे रोपाला स्फुरद अधिक मिळते, हे २०१२ मध्ये सिद्ध झाले. अनेक आधुनिक वाणांत हे जनुक नाही. खारवट, सतत पाण्याखाली राहणाऱ्या आणि हवा न खेळणाऱ्या जमिनीचा प्रश्न आणखी निराळा आहे. डीआरओ-१ च्या कुळातील क्यूएसओआर-१ या जनुकाचा इंडोनेशियातील वाणात आढळलेला निष्क्रिय प्रकार मुळे जमिनीच्या पृष्ठालगत ठेवतो, आणि अशा मुळांच्या भाताने खारवट खाचरांत अधिक उत्पादन दिल्याचे २०२० मध्ये नोंदवले गेले, कारण खालच्या प्राणवायूविरहित थरातील त्रास ही मुळे टाळतात.

म्हणून निवड जमिनीवरून करावी. पावसात खंड पडणाऱ्या, उंचावरील आणि खालच्या थरात ओल टिकणाऱ्या शेतासाठी खोल व जाड मुळांचा वाण घ्यावा. जेथे माती मुळातच उथळ आणि खाली खडक आहे, तेथे खोल मुळांच्या गुणासाठी जादा खर्च करण्यात अर्थ नाही. बियाण्याच्या पिशवीवर ‘पाण्याचा ताण सहन करणारा’ असे लिहिलेले असले, तरी त्याचे कारण विचारावे. काही वाण केवळ लवकर तयार होतात आणि हंगामाअखेरच्या ताणातून निसटतात. पण फुटव्यांच्या वेळी पाऊस थांबला, तर या गुणाचा उपयोग होत नाही.

ज्यांना स्वतः खात्री करून घ्यायची आहे, त्यांनी टोपलीची चाचणी करावी. वाटीच्या आकाराची जाळीदार छोटी टोपली चाळलेल्या मातीने भरून ती मातीच्या बादलीत काठापर्यंत पुरावी, मधोमध मोड आलेले एकच बी लावावे आणि माती ओलसर ठेवावी, पण पाणी साचू देऊ नये. साधारण पाच आठवड्यांनी टोपली अलगद काढून जाळीच्या तळाकडून बाहेर पडलेली मुळे आणि बाजूंनी बाहेर पडलेली मुळे वेगवेगळी मोजावीत. एकूण मुळांपैकी तळाकडील मुळांचे प्रमाण जितके अधिक, तितका वाण खोल मुळांचा समजावा. प्रत्येक वाणाच्या किमान पाच-सहा टोपल्या ठेवाव्यात, कारण एकाच रोपावरून काढलेला निष्कर्ष फसवा ठरतो. या हंगामासाठी तेवढा वेळ नसेल, तर मागील पिकाची धसकटे अद्याप शेतात असल्यास ती मातीच्या गोळ्यासह उपटून पाण्यात सावकाश धुवावीत. जाड मुळे खाली वळली होती की आडवी गेली होती, एवढे तरी त्यावरून दिसते.

जनुकाने मुळाला दिशा दिली, तरी वाट जमिनीने द्यावी लागते. वर्षानुवर्षे चिखलणी झालेल्या शेतात मशागतीच्या थराखाली, साधारण १५ ते २५ सेंमी खोलीवर, कडक थर तयार होतो. ओलसर जमिनीत लोखंडी सळई दाबून पाहिल्यास ती कोठे अडते, ते कळते. पेरभात किंवा कोरडवाहू भात घ्यायचा असेल आणि हा थर उथळ असेल, तर जमीन कोरडी असतानाच खोल नांगरट करून तो फोडावा. याउलट, ज्या खाचरात हंगामभर पाणी धरून ठेवायचे आहे, तेथे हाच थर पाणी झिरपू देत नाही. त्यामुळे तो फोडण्याची घाई करू नये. सरसकट खोल नांगरटीचा सल्ला मला योग्य वाटत नाही.

रोपवाटिकेत बी दाट टाकू नये, कारण दाटीत रोपे उंच व लुकडी होतात आणि मुळे कमी राहतात. रोपे काढण्यापूर्वी वाफा भिजवावा आणि रोपे मुळांना धरूनच सोडवावीत. लावणी २ ते ३ सेंमीपेक्षा खोल करू नये. खोल गाडलेल्या रोपाला वरच्या पेरांतून नवीन मुकुटमुळे काढावी लागतात आणि फुटवे लांबतात. सुरुवातीलाच नत्राची मोठी मात्रा दिल्यास पाला वाढतो, पण त्या मानाने मुळे वाढत नाहीत; नत्र विभागून द्यावे. माती परीक्षणात स्फुरद किंवा जस्त कमी आढळल्यास ते शिफारशीनुसार द्यावे. पीस्टॉल-१ असलेला वाणही जमिनीत नसलेले स्फुरद निर्माण करू शकत नाही.

रोपे रुजल्यानंतर, साधारण दोन आठवड्यांनी, पाणी आलटून पालटून द्यावे. शेतात सच्छिद्र नळी पुरून तिच्यातील पाण्याची पातळी जमिनीखाली १५ सेंमीपर्यंत उतरल्यावर पुन्हा पाणी द्यावे. फुलोऱ्याच्या काळात मात्र शेतात सुमारे ५ सेंमी पाणी ठेवावे. खारवट जमिनीत ही पद्धत वापरू नये, कारण जमीन सुकताच क्षार वर येतात. ऐन फुटव्यांच्या काळात शेताच्या तीन-चार ठिकाणचे चूड मातीसह खणून धुवावेत. मुळे पांढरी किंवा तांबूस तपकिरी असतील तर चिंता नाही; ती काळी पडून कुजक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर पाण्याचा निचरा करून नवीन पांढरी मुळे फुटेपर्यंत जमिनीला हवा मिळू द्यावी.

मुळांचा गुण आवडलेला सुधारित किंवा पारंपरिक वाण असेल, तर त्याचे बियाणे घरी राखता येते, कारण भात मुख्यतः स्वपरागीभवनाचे पीक आहे. संकरित भाताचे बियाणे मात्र पुढच्या पिढीत गुण टिकवत नाही. बियाण्यासाठीचे चूड शेताच्या कडेचे न घेता मधल्या भागातील घ्यावेत, भेसळीची रोपे फुलोऱ्यापूर्वीच उपटून टाकावीत आणि साठवणीच्या पिशवीवर वाणाच्या नावासोबत टोपलीच्या चाचणीत मिळालेली मुळांची संख्याही लिहून ठेवावी.